धडा सातवा : सकाळची तयारी

कागदाच्या डाव्या बाजूला इंग्रजी वाक्यं, उजवीकडे रेघा.
आय ब्रश माय टीथ. आय कट माय नेल्स.
रेघेवर स्पॅनिश लिहायचं,
भायखळ्याला, केमिस्टच्या वरच्या मजल्यावर,
ओडेट टीचरच्या वर्गात, मंगळवार-शुक्रवार.
क्रूझवरच्या पार्लरमध्ये नोकरी हवी तर
शंभर वाक्यं यायला हवीत, एजंट म्हणाला,
आणि फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत.

पहिल्याच रेघेवर मी "माझे दात" लिहिलं.
टीचरनी "माझे" खोडलं.
मे लाबो लोस दियेन्तेस. व लिहायचा, ब म्हणायचा.
"दात कुणाचे ते कशाला सांगायचं, बनिता?
तुझ्या तोंडात दुसऱ्याचे असणार का?"
त्या वर्गात मी वनिताची बनिता.
ब-ला काना-मात्रा दिली की अर्थ होतो सुंदर,
असंही त्या म्हणाल्या,
पण दिली नाही.

मला हसूच आलं.
आमच्यात तरी कोण म्हणतं, मी माझे दात घासले?
दात घासले, केस विंचरले, नखं काढली, झालं.
इंग्रजीलाच सवय, प्रत्येक अवयवावर
नाव घालून ठेवायची,
लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं.

वाक्य सोळावं, केस कापण्याचं.
मे कोर्तो एल पेलो.
सलूनमध्ये जाऊन कापून घेतले तरी असंच म्हणतात.
मी विचारलं, मग कापणारा कुठे गेला?
टीचर फळा पुसत म्हणाल्या,
"तो आहे की. वाक्यात नाही, एवढंच."

घोडपदेवला अण्णांचं दुकान होतं.
दोन खुर्च्या, एकीचा पाय पत्र्यानं बांधलेला.
गिऱ्हाईक घरी जाऊन सांगायचं, दाढी केली.
अण्णाही रात्री आईला सांगायचे,
आज बावीस दाढ्या केल्या.
एकच क्रियापद, दोन्ही टोकांनी धरलेलं,
वस्तरा लावायच्या पट्ट्यासारखं.

फेब्रुवारीपासून त्यांचा उजवा हात
मांडीवर पडून असतो,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
फिजिओवाली मुलगी येते, तो उचलून त्यांना दाखवते,
"म्हणा अण्णा, माझा हात. मा-झा."
अण्णा बघत राहतात.
तेव्हा मला भांड्यांवरची ती नावं आठवतात.
कामाची असतात.

वाक्य तेविसावं मी घरी सोडवलं, रविवारी,
वाटीत कोमट पाणी घेऊन.
मे आफेइतो, मी दाढी करतो.
दुकानातून आणलेलं रेझर बघून अण्णांनी
तोंड फिरवलं. ट्रंकेतला वस्तरा काढला
तेव्हा समोर केलं.
वस्तरा मी भुवईलासुद्धा कधी धरला नव्हता.
डाव्या हातानं त्यांनीच गाल वर ओढून धरला,
आतून जीभ लावली,
हनुवटीखाली मी उलटी गेले तर डोळे वटारले.
चाळीस वर्षांचा हात, सगळा डोळ्यांत गेलेला.
हे बरं नव्हे असं मला वाटलं,
आणि मग काहीच वाटलं नाही,
कारण कानाखालचा खळगा आला होता
आणि तिथं श्वास धरावा लागतो.

नंतर ओल्या बोटांनीच वही ओढली.
"मे" खोडलं, "लो" लिहिलं.
लो आफेइतो.
उलट मराठीत आणलं : मी त्याची दाढी करते.
स्पॅनिशच्या त्या दोन अक्षरांत
अण्णा आणि कुणीही सारखेच.
मी त्या-वर अनुस्वार दिला.

तेवढ्यात काळसेकर पेपर परत द्यायला आले.
"वा, अण्णा! आज काय विशेष?"
अण्णांनी तोंड जुळवलं. एक बाजू आली,
दुसरी मागून आली.
"दाढी," ते म्हणाले, "केली,"
अगदी गिऱ्हाइकासारखे.

मी वाटी उचलून मोरीत गेले.